तीन गोळ्यांचा पुरावा: हाताएवढ्या रडारनं रायफलच्या अचूकतेबद्दल काय उघडं पाडलं

१ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ब्राँझ जिंकलं. त्या दिवशीचे रील्स तुम्ही पाहिले असतीलच. त्याचा फायनलचा स्कोअर होता ४५१.४. त्यातल्या ‘पॉइंट चार’कडे फार कुणी लक्ष दिलं नाही, पण माझ्यासारख्या आकड्यांच्या माणसाला तिथेच गंमत वाटते.

या खेळात ५० मीटरवरच्या टार्गेटचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. शर्टाच्या बटणाएवढं. त्यापुढचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरनं बाहेर सरकतं. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात, म्हणजे ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. आता साधा हिशोब करा. या रायफलची .२२ गोळी सेकंदाला साधारण ३३० मीटर वेगानं निघते. ५० मीटर जाईपर्यंत ती गुरुत्वाकर्षणामुळे जवळपास १२ सेंटिमीटर खाली येते. नेमबाज ते धरूनच साइट लावतो. पण एखाद्या काडतुसात वेग १ टक्क्यानं कमी निघाला, तर ती गोळी आणखी साधारण २.४ मिलिमीटर खाली लागते. म्हणजे ०.३ गुण गेले. नेमबाजानं श्वास, ट्रिगर, सगळं अगदी बरोबर केलं तरी.

मग प्रश्न येतो: हे काडतूस चांगलं आणि ते वाईट, हे ठरवायचं कसं? या प्रश्नावरून गेल्या तीन-चार वर्षांत नेमबाजीच्या जगात, खासकरून अमेरिकेत, मोठी भांडणं चालू आहेत. आणि त्या भांडणात तेल ओतलं ते एका गॅजेटनं आणि त्याच्या मोबाइल अ‍ॅपनं. म्हणून हा विषय इथे. रायफलशी तुमचा काही संबंध नसला तरी चालेल. फोनचा बेंचमार्क एकदा चालवून ‘हा फोन फास्ट’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा या विषयाशी संबंध आहे.

हँडलोडिंग म्हणजे काय

अमेरिकेत मोठ्या रायफलचे हौशी आणि स्पर्धक नेमबाज दुकानातलं तयार काडतूस न वापरता स्वतः भरतात. काडतुसात चारच गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडावर गोळी. बार उडाल्यावर पितळेची पुंगळी उरते, ती परत वापरता येते. तिला पुन्हा मापात आणायचं, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि गोळी ठराविक खोलीवर बसवायची. दारू तोलायचं एकक आहे ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. आपल्या सोनारांची जुनी गुंज जवळपास १२० मिलिग्रॅमची, म्हणजे ग्रेन तिच्या निम्म्याच्या आसपास. हे लोक ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. सोनारालाही लाजवतील.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. भारतात दारूगोळा बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवाना लागतो. घरी बसून काडतूस भरणं हा इथे छंद नाही, गुन्हा आहे. आणि चुकीच्या मापानं रायफल हातात फुटू शकते, हा भाग वेगळाच. त्यामुळे कोणती दारू किती घालायची असलं काही या लेखात मिळणार नाही. आपल्याला बघायची आहे ती त्यांची तपासणीची पद्धत.

कारण प्रत्येक रायफलला ‘आवडणारी’ लोड वेगळी असते, असा या मंडळींचा ठाम समज आहे. समज पूर्ण चुकीचा नाही. नळीची कंपनं, गोळीचा आकार, दारूचा जळण्याचा वेग, सगळ्याचा परिणाम होतो. मग ती आवडती लोड शोधायची कशी? क्रेटन ऑडेट या अमेरिकन नेमबाजाच्या नावानं ओळखली जाणारी ‘लॅडर टेस्ट’ अनेक वर्षं लोकप्रिय आहे. शिडीसारखं थोडं थोडं दारूचं प्रमाण वाढवत जायचं, प्रत्येक पायरीला एक किंवा तीन गोळ्या झाडायच्या आणि बघायचं की कुठल्या दोन-तीन पायऱ्यांवर वेग किंवा उंची फारशी बदलत नाही. ती सपाट जागा म्हणजे ‘नोड’. तिथे थांबायचं. दहा-पंधरा गोळ्यांत काम फत्ते.

ऐकायला इतकं छान, की कुणी फारसं विचारलंच नाही: हीच शिडी उद्या परत चढलो, तर सपाट जागा त्याच पायरीवर येईल का?

आणि मग रडार आलं

न विचारण्याचं एक कारण अगदी व्यावहारिक होतं. गोळीचा वेग मोजणं त्रासाचं काम होतं. जुन्या क्रोनोग्राफमध्ये दोन प्रकाश-सेन्सर असायचे, गोळी त्यांच्या बरोबर वरून जावी लागायची, ऊन-सावली बदलली की आकडे बिघडायचे. नेम थोडा खाली गेला तर क्रोनोग्राफलाच गोळी. दुसरा प्रकार नळीच्या तोंडाला बांधायचा. पण त्याच्या वजनानं नळीची कंपनं बदलायची, म्हणजे वेग मोजायचा त्या दिवशी अचूकता मोजता यायची नाही.

२०२३ च्या अखेरीस घड्याळं बनवणाऱ्या गार्मिननं झीरो सी-१ प्रो नावाचा क्रोनोग्राफ आणला. तळहातात मावतो, किंमत साधारण ६०० डॉलर. आत डॉप्लर रडार आहे, म्हणजे क्रिकेटमध्ये बोलरचा वेग दाखवणाऱ्या स्पीड गनचंच तत्त्व. रेडिओ लहरी सोडायच्या, लांब जाणाऱ्या गोळीवरून त्या परतताना त्यांची वारंवारता किती बदलली ते मोजायचं, त्यावरून वेग काढायचा. डबी रायफलच्या बाजूला ठेवली की झालं. रायफलला हात लावायचा नाही, उन्हाचा प्रश्न नाही. प्रत्येक गोळीचा वेग ब्लूटूथनं फोनमधल्या अ‍ॅपमध्ये.

तंत्रज्ञान म्हणून यात फार काही नवीन नाही, शूटिंगसाठीचे रडार आधीही होते. नवीन काय, तर मोजणं फुकटात पडू लागलं. पूर्वी लोक टेस्टच्या दिवशी पंधरा आकडे वहीत लिहायचे. आता सरावातली प्रत्येक गोळी आपोआप नोंदली जाते. महिन्याभरात कुणाकडेही शेकडो आकडे जमतात. आणि शेकडो आकडे समोर आले की नोड सापडेनासे होतात. एका शनिवारी सपाट दिसलेली पायरी पुढच्या शनिवारी चढ निघते.

गोळ्या बनवणाऱ्या हॉर्नाडी कंपनीच्या इंजिनिअरांनी २०२२ मध्येच त्यांच्या पॉडकास्टवर हे सांगायला सुरुवात केली होती. भागाचं नावच होतं, तुमचे ग्रूप फार लहान आहेत. म्हणजे ग्रूपमधल्या गोळ्यांची संख्या फार कमी आहे. पुष्कळ लोक चिडले. गोळ्या विकणारी कंपनी म्हणते जास्त गोळ्या झाडा, यात संशय यायलाच हवा. पण गणित कंपनीच्या मालकीचं नाही. ते कुणालाही करून बघता येतं.

पायथॉनमध्ये दहा खोट्या लोड

मी करून बघितलं. पंधरा ओळींचा प्रोग्रॅम आहे, फोनवरच्या कुठल्याही पायथॉन अ‍ॅपमध्ये चालतो. दहा ‘लोड’ घेतल्या, पण दहाही अगदी एकसारख्या. सगळ्यांचं खरं विखुरणं सारखंच. प्रत्येकीच्या तीन-तीन काल्पनिक गोळ्या झाडल्या आणि ग्रूप मोजला, म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर.

सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट ग्रूप यांच्यात सरासरी तिपटीच्या वर फरक येतो. प्रोग्रॅम परत चालवला की वेगळीच लोड जिंकते. प्रत्यक्ष रेंजवर असा निकाल बघून कुणीही शपथेवर सांगेल की चार नंबरची लोड जादू आहे आणि सात नंबरची कचरा. दोन्ही एकच आहेत! तीनऐवजी वीस गोळ्यांचे ग्रूप घेतले तर हा फरक दीडपटीच्या आसपास येतो. लक्षात घ्या, वीस गोळ्या झाडूनही एकसारख्या गोष्टी दीडपट वेगळ्या दिसू शकतात.

आता खरोखर फरक असलेल्या दोन लोड घ्या. पहिलीचं विखुरणं दुसरीपेक्षा २० टक्क्यांनी कमी. कुठलाही नेमबाज आनंदानं घेईल असा हा फरक आहे. तीन-तीन गोळ्यांच्या सामन्यात चांगली लोड किती वेळा जिंकते? साधारण तीनपैकी दोनदा. म्हणजे दर तिसऱ्या वेळी तुम्ही वाईट लोड घरी घेऊन जाता, आणि तुमच्या हातात ‘पुरावा’ म्हणून छान लहान ग्रूपचा कागदही असतो.

वेगाचंही तेच. अ‍ॅप एसडी दाखवतं, म्हणजे प्रमाण विचलन, वेग सरासरीभोवती किती पसरलाय ते. पाच गोळ्यांवरून १० फूट प्रतिसेकंद एसडी दिसला, तर खरा एसडी ६ पासून २९ पर्यंत काहीही असू शकतो. हा नेहमीचा ९५ टक्क्यांचा पट्टा. तीस गोळ्यांवरून १० दिसला तर पट्टा ८ ते १३ असा आवळतो. अ‍ॅपच्या स्क्रीनवर मात्र दोन्ही वेळा सारख्याच ठळक अक्षरात दशांशासकट आकडा येतो. मला या अ‍ॅप्सचा हाच राग आहे. आकड्याशेजारी त्याचा पट्टा दाखवायला कितीसा कोड लागतो?

आमच्या कामातही हेच चालतं म्हणून हा राग. अ‍ॅपमधल्या बटणाचा रंग बदलून दोन आवृत्त्या लोकांना दाखवतात, दुसऱ्या दिवशीच मॅनेजर डॅशबोर्ड उघडून विचारतो, ‘जिंकलं का?’ तुमच्याकडेही होतं. नवं सिम घेतलं, घराच्या गॅलरीत तीनदा स्पीड टेस्ट मारली आणि मित्राला सांगितलं की हे नेटवर्क भारी. थंड फोनवर बेंचमार्क चालवला, मग दुसरा फोन चार्जिंगला लावून चालवला, आणि कमेंटमध्ये भांडण.

तीन गोळ्या अगदीच वाया नाहीत

जुन्या पद्धतीच्या लोकांची बाजूही ऐकायला हवी, कारण ते स्पर्धा जिंकतात. त्यांचं म्हणणं, आम्ही तीस वर्षं हेच करतोय आणि पदकं घरी आहेत. यातलं थोडं खरं आहे. बेंचरेस्ट प्रकारातल्या रायफल जड टेकूवर ठेवून इतक्या स्थिरपणे झाडतात की नेमबाजाची चूक जवळजवळ उरत नाही. मोठा फरक असेल तर तिथे तो कमी गोळ्यांतही दिसतो.

शिवाय एक सोपी गोष्ट आहे. ग्रूप कधीच लहान होत नाही. तीन गोळ्यांतच भोकं एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर पडली असतील, तर पुढच्या सतरा गोळ्या त्या ग्रूपला आकुंचन देणार नाहीत. तो तेवढाच राहील किंवा वाढेल. त्यामुळे तीन गोळ्यांवरून एखादी लोड बाद करणं हे बऱ्यापैकी शहाणपणाचं आहे. तीन गोळ्यांवरून एखादीला राणी करणं नाही. जुने लोक दोन्ही करत होते. पहिल्या कामाचा फायदा दुसऱ्याच्या खात्यावर लिहिला गेला.

आणि गोळ्या काही पायथॉनमध्ये झाडायच्या नसतात. प्रत्येक बाराला पैसे पडतात. वेगवान काडतुसांची नळी दोन-तीन हजार बारांत झिजून अचूकता गमावू लागते. दहा लोड, प्रत्येकी तीस गोळ्या, म्हणजे टेस्टमध्येच नळीच्या आयुष्याचा दहावा हिस्सा संपला. आपण सर्व्हरवर टेस्ट लाखदा चालवतो तेव्हा सर्व्हर झिजत नाही. इथे मोजताना मोजायची वस्तूच बदलत जाते. तीनशेव्या बाराला नळी ती पहिली राहिलेली नसते.

म्हणून आता जी शहाणी पद्धत रुजते आहे, ती ‘जास्त झाडा’ एवढीच नाही. पायऱ्याच कमी करा. दारूचं प्रमाण किंचित इकडे-तिकडे केल्यानं होणारा फरक इतका बारीक असतो की तो शोधण्याचा खर्चच परवडत नाही. गोळीचा प्रकार आणि दारूचा प्रकार बदलला की मोठा फरक दिसतो, तर तिथे वेळ घाला. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि अ लोडच्या सगळ्या गोळ्या आधी, ब च्या नंतर असं न करता आलटून-पालटून झाडा. कारण सकाळी वारा नसतो, दुपारी असतो. नळी तापते. माणूस थकतो. सगळी अ सकाळी आणि सगळी ब दुपारी झाडली तर तुम्ही लोड नाही, हवामान मोजलंत.

मग ती लाडकी सवय: चार भोकं एकत्र आणि पाचवं लांब, की ‘ती माझ्याकडूनच सुटली, धरू नको’. ट्रिगर दाबतानाच नेमबाज बोलला असेल तर ठीक. टार्गेट बघितल्यावर बोलला तर ते भोक मोजायचं. याशिवाय फक्त लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजण्यापेक्षा प्रत्येक भोकाचं मध्यापासूनचं अंतर काढून त्याची सरासरी घ्यायची. वीस गोळ्या झाडून अठरांची माहिती फेकून देण्यात काय अर्थ? फोननं टार्गेटचा फोटो काढून हे मोजणारी अ‍ॅप्स आहेत, एका मिनिटाचं काम. तीस-तीस गोळ्या आणि ही सरासरी वापरली, तर मघाचा २० टक्क्यांचा फरक वीसपैकी एकोणीस वेळा बरोबर सापडतो. तीनपैकी दोन वरून वीसपैकी एकोणीस.

शेवटी जिंकलेल्या लोडची दुसऱ्या दिवशी परत टेस्ट. ती पहिल्या दिवसापेक्षा थोडी वाईटच येणार, हे आधीच धरून चालायचं. दहांतून निवडलेल्या विजेत्याच्या आकड्यात थोडं नशीब मिसळलेलं असतंच.

कोल्हापूरची गोष्ट वेगळी का

आता परत ५० मीटरच्या रेंजवर येऊ. स्वप्नीलच्या प्रकारात हँडलोडिंग मुळातच शक्य नाही. .२२ हे रिमफायर काडतूस. त्यात ठिणगीचं रसायन पुंगळीच्या काठातच ओतलेलं असतं. बार उडाला की काठ चेपतो, पुंगळी संपली. त्यामुळे ऑलिंपिकचा नेमबाजही कारखान्याचंच काडतूस वापरतो, इंग्लंडचं एली किंवा जर्मनीत बनणारं लापुआ, आरडब्ल्यूएस वगैरे.

पण कारखान्यातही एकाच नावाची काडतुसं वेगवेगळ्या लॉटमध्ये बनतात आणि लॉटगणिक किंचित फरक पडतो. एका रायफलला एक लॉट जुळतो, शेजारच्या रायफलला नाही. म्हणून या कंपन्यांनी टेस्ट सेंटर ठेवली आहेत. लापुआचं जर्मनीतल्या शोनेबेक इथे आहे, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातही. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती शिकंजात घट्ट बसवतात, माणूस बाजूला. मग एकामागून एक लॉट झाडले जातात, इलेक्ट्रॉनिक टार्गेट प्रत्येक गोळीची जागा नोंदवतं. जो लॉट जुळला, त्याची हजारो काडतुसं तिथेच उचलायची. पुढची दोन-तीन वर्षं तीच.

म्हणजे हँडलोडर दारूचं प्रमाण बदलून जे शोधतो, तेच इथे पेट्यांवरचे नंबर बदलून शोधतात. गणित तेच, आणि तीन गोळ्यांचा मोहही तोच.

कोल्हापूरनं या खेळाला फक्त स्वप्नील दिलेला नाही. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. त्यांच्यामागे आता पुण्या-कोल्हापुरात रायफल उचलणारी शाळकरी मुलं-मुली आहेत, आणि त्यांना शोनेबेक परवडत नाही. वरच्या दर्जाची मॅच काडतुसं परदेशातून येतात, महाग असतात, आणि ज्युनिअरच्या वाट्याला जो लॉट येतो तो येतो. खराब लॉटवर सराव करणाऱ्या मुलीला ९.८ लागल्यावर कळत नाही की चूक तिच्या ट्रिगरची की पेटीची. ती स्वतःलाच दोष देते. न चुकलेली पोझिशन बदलते. मला यातलं हे सगळ्यात महागडं नुकसान वाटतं, कारण ते कुठल्याच स्कोअरशीटवर दिसत नाही.

इलाज जर्मनीला जाण्याएवढा महाग असायलाच हवा असं नाही. जिथे इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहे, तिथे प्रत्येक गोळीची जागा आधीच मिलिमीटरच्या अंशापर्यंत नोंदवली जाते. सत्र संपलं की बहुतेक वेळा एकूण स्कोअर लिहून घेतात आणि बाकीचं तसंच राहतं. एक शिकंजा, बाजूला एक रडार आणि एका शीटमध्ये तीन रकाने: रायफल, पेटीवरचा लॉट नंबर, गोळीची जागा. एका क्लबमधल्या वीस मुलांनी दोन-दोन लॉट पन्नास-पन्नास गोळ्यांनी तपासले तर दोन हजार नोंदी होतात. नव्या पेट्या वाटताना कुठली कुणाच्या रायफलला द्यायची, हे तेवढ्यावर ठरवता येतं. जपानमधल्या आयची-नागोयाचे आशियाई खेळ सप्टेंबर २०२६ मध्ये आहेत, लॉस एंजेलिस २०२८ मध्ये. त्या संघांत जाऊ पाहणाऱ्यांच्या सरावाची काडतुसं आत्ता, या महिन्यांत झाडली जात आहेत, आणि रिकाम्या पेट्यांवरचे लॉट नंबर बहुतेक ठिकाणी पेटीबरोबरच कचऱ्यात जात आहेत.